बंबखान्यातलं विमान

दोन हजार आठ साली, ज्या वर्षी नदीवरचा जुना पूल गाड्यांना बंद झाला आणि कामावर जाणाऱ्या सगळ्यांच्या नशिबी लांबचा वळसा आला, त्या वर्षी ताईंनी बंबखान्यात विमान बसवलं. खरं विमान नव्हे, संगणकाच्या पडद्यावर उडणारं. पण वस्तीतले जुने लोक आजही त्या वर्षाला पुलाचं वर्ष म्हणत नाहीत, विमानाचं वर्ष म्हणतात.

बंबखान्यात तेव्हा बंब नव्हतेच. आग विझवणारे लोक मोठ्या रस्त्यावरच्या नव्या इमारतीत गेले आणि ही उंच दारांची जागा रिकामी पडली. वस्तीच्या लोकांनी ती मागून घेतली आणि तिथे सगळ्यांची मिळून एक कार्यशाळा केली. घरात करवत चालवली की शेजारी भांडायला येतात, घरात डाग द्यायला बसलं की बायको भांडते, अशा सगळ्यांची ती जागा. लाकूडकामाचं टेबल, एक जुनं लेथ, दोन शिवणयंत्रं, सोल्डरिंगचा कोपरा. भिंतीवर प्रत्येक हत्याराची आकृती पांढऱ्या रंगाने काढलेली होती, म्हणजे कोणी पक्कड घरी नेली तर भिंतीवर पकडीचं भूत दिसायचं. बंबवाले वरच्या मजल्यावरून घसरत खाली यायचे तो पितळी खांब तसाच उभा होता. त्याला शिवणबाई आपल्या अर्धवट शिवलेल्या पिशव्या अडकवायच्या.

शिवणबाईंकडे किल्ली असायची. पिशव्या, खोळी, गाड्यांच्या सीटची कव्हरं असलं सगळं त्या शिवायच्या आणि शिवता शिवता आल्यागेल्याची हजेरी घ्यायच्या. दुसरा कायमचा माणूस म्हणजे खरखर. तो रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचा. दुरुस्त केलेला रेडिओ परत देताना ‘थोडी खरखर राहील’ असं प्रत्येकाला सांगून ठेवायचा, म्हणून हे नाव. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोशिवाय कोणी वापरत नसे, आणि तीसुद्धा रागावली की खरखरच म्हणायची.

ताई या दोघांच्यात कुठेच बसत नव्हत्या. त्या इस्पितळाच्या धुलाईखान्यात कामाला होत्या. पहाटे जायच्या, ओल्या चादरींचे गठ्ठे यंत्रातून काढायच्या, घड्या घालायच्या आणि दुपारी परत यायच्या. हाताच्या बोटांना साबणाने कायमच्या भेगा पडलेल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी. आता जरा पाय पसरून बसावं अशी वेळ आली, तर थोरल्या भावाला झटका आला.

दादा बिनलग्नाचे. आयुष्य लेथवर गेलं, आणि उरलेला सगळा वेळ विमानांत. रिमोटवर उडणारी विमानं, लाकडाच्या पातळ पट्ट्या जोडून, वर कापड ताणून स्वतः बनवलेली. गावाबाहेरच्या माळावर दर रविवारी उडवणाऱ्यांची टोळी जमायची आणि त्यात दादांचा हात सगळ्यांत सफाईदार, असं त्यांच्याशी न बोलणारेसुद्धा कबूल करायचे. निवृत्त होताना त्यांनी एक मोठं विमान करायला घेतलं, पंख पसरले तर खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ते पुरं होत आलं आणि दादांची उजवी बाजू गेली. पाय काही महिन्यांनी थोडाफार परत आला. हात आला तो अर्धाच. मूठ वळायची, पण सुटायला वेळ घ्यायची. अंगठा हलायचा, पण थोडासाच, दार किलकिलं करावं तसा.

एकट्याने राहणं शक्य नव्हतं. ताई त्यांना आपल्या दोन खोल्यांत घेऊन आल्या. विमान बंबखान्यात, छताला दोरांनी टांगून ठेवलं. दादा बाहेरच्या खोलीत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. ताई कामावरून आल्या की जेवण, मग व्यायाम, मग अंघोळ, मग औषध. मध्येच हाक. ‘चिमे, पाणी.’ ‘चिमे, खिडकी.’ ‘चिमे, तो माणूस खाली काय ओरडतोय बघ.’ लहानपणचं हे नाव छप्पन्न वर्षांच्या बाईला दिवसातून शंभरदा ऐकावं लागत होतं आणि प्रत्येक हाकेला उठावं लागत होतं. दादा वाईट वागत नव्हते. पलंगावर पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या पायांचा अंदाज राहत नाही, एवढंच.

ताईंना काय हवं होतं ते साधं होतं. दुपारी दोन तास झोप. कोणी हाक न मारता. त्या शिवणबाईंना म्हणाल्यासुद्धा, की मला काशी नको न यात्रा नको, उशी दे आणि दार लाव.

सिम्युलेटरची कल्पना खरखरची. नवीन पोरं आजकाल त्याच्यावरच शिकतात, तो म्हणाला, रिमोट आपलाच, तार लावून संगणकाला जोडायचा, पडद्यावर विमान उडतं, पडलं तर काही मोडत नाही. दादांना रोज दुपारी इथे आणून बसवा. त्यांचा वेळ जाईल आणि तुम्ही घरी जाऊन पडा. ताईंनी ‘पडा’ एवढाच शब्द ऐकला आणि त्या कामाला लागल्या.

इस्पितळाच्या कचऱ्यात निघालेला एक जाडजूड पडद्याचा संगणक त्यांनी परवानगीने मागून घेतला आणि चादरींच्या ढकलगाडीवर घालून पुलाच्या वळशाने आणला. खरखरने तो उघडला तर आतला पंखा धुळीने बसलेला. साफ करून चालू केला तर दुसऱ्या दिवशी शिवणयंत्राजवळचा कापसाचा भुगा आत जाऊन पुन्हा बंद. मग जागा बदलली. मग तार आली ती रिमोटला बसेना, तिचं टोक कापून दुसरं डागलं. मग विमान उडवायच्या प्रोग्रामची तबकडी चढेना. रोज धुलाईखान्यातून आल्यावर ताई तिथे अर्धा वेळ उभ्या राहून बॅटरी धरायच्या. शिवणबाई म्हणाल्या, ‘ताई, एवढ्या कष्टात तर तुम्ही स्वतः उडायला शिकला असता.’

एवढं करून दादा यायला तयार नव्हते. खोट्या विमानाशी पोरं खेळतात, ते म्हणाले. ताईंनी समजावलं नाही, तेवढी ताकदच नव्हती. पलंगाच्या कडेला बसून म्हणाल्या, ‘नको येऊस. पण मग तू ते विमान कोणाला तरी देऊन टाक. रोज मला त्याच्याखालून जावं लागतं.’ दादा दुसऱ्या दिवशी आले.

आता जे झालं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. संगणकाला रिमोट नवीन असतो. त्यावर अंगठ्याने हलवायच्या दोन दांड्या असतात, आणि त्या कुठपासून कुठपर्यंत हलतात ते संगणकाला आधी दाखवावं लागतं. पडद्यावर पट्ट्या येतात, दांड्या चारही टोकांना नेऊन आणायच्या, मग बटण दाबायचं. ही दोन मिनिटांची गोष्ट. खरखर ती सहज करू शकला असता. पण विमानवाल्यांचा एक दंडक आहे, दुसऱ्याच्या रिमोटला हात लावायचा नाही. एखादं बटण चुकून सरकलं तर पुढच्या उड्डाणाला विमान जमिनीत जातं, म्हणून. खरखरही माळावरच्या टोळीतलाच माणूस, तो दंडक त्याच्या हाडात मुरलेला. त्याने रिमोट अदबीने दादांच्या हातात दिला आणि म्हणाला, तुमचा रिमोट, तुम्हीच दाखवा त्याला.

दादांनी दाखवलं. डावी दांडी टोकापासून टोकापर्यंत गेली. उजवी जेवढी गेली तेवढी गेली. संगणकाला काय कळणार? त्याने समजून घेतलं की या रिमोटची उजवी दांडी हलते ती एवढीच, आणि यातलं शेवटचं टोक म्हणजे पुरतं वळण. त्या वेळी पडद्याकडे कोणी नीट पाहिलं नाही. सगळे दादांच्या तोंडाकडे पाहत होते.

कारण विमान उडालं. पडद्यावरच्या हिरव्या माळावरून धावलं, उचललं, वळलं, पुन्हा वळलं, एक मोठा गोल घेऊन आलं आणि पिसासारखं उतरलं. दादांनी सवयीने रिमोटची लांब एरियल ओढून बाहेर काढली होती, तिची काहीच गरज नव्हती. उतरल्यावर त्यांनी ती आत सारली. मग म्हणाले, ‘हात आला परत.’

ताई घरी गेल्या. आडव्या झाल्या. छताकडे बघत राहिल्या, आणि छत कधी दिसेनासं झालं ते त्यांना कळलं नाही.

पुढचे काही आठवडे ताईंच्या आयुष्यातले सुखाचे म्हणायला हरकत नाही. दादांना दुपारी बंबखान्यात सोडायचं, संध्याकाळी आणायचं. मधली दुपार आपली. दादा बदलले. स्वतःहून दाढी करायला लागले, अर्धी राहायची, पण करायचे. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला शिकवायला लागले की तुझ्या रबरी चेंडूने काही होत नाही, विमानाने होतं. शिवणबाईंशी वाद घालायला लागले. टांगलेलं विमान खाली उतरवलं, शिवणबाईंकडून पंखांचं राहिलेलं कापड शिवून घेतलं आणि टाके मोठे पडले म्हणून दोनदा उसवायला लावलं. त्या म्हणाल्या, विमान आहे की नवरीचा शालू. दादा म्हणाले, नवरी पडली तर उठून उभी राहते. आणि एका दुपारी त्यांनी जाहीर केलं की येत्या रविवारी माळावर जायचं, मोठं विमान उडवायचं. टोळीला निरोपही गेला. लोक पोराबाळांना घेऊन येणार होते.

त्याच आठवड्यात दादांना तपासणीला जायचं होतं. खरखरने त्यांना विचारून ठेवलं, तुम्ही नाही तोवर मी जरा उडवून बघू का. दादांनी रिमोटला हात लावायची परवानगी दिली, ही केवढी मोठी गोष्ट ते विमानवाल्यालाच कळेल. ताई दादांना तपासून आणून घरी निजवून बंबखान्यात डोकावल्या, तर खरखर पडद्यासमोर डोक्याला हात लावून बसलेला.

‘हे बघा,’ तो म्हणाला आणि त्याने दांडी किंचित हलवली. पडद्यावरचं विमान उलटं झालं आणि जमिनीत शिरलं. ‘बोट लावलं की उलटतं. पारा झालाय नुसता.’ मग त्याने त्या पट्ट्या उघडून दाखवल्या. उजवी पट्टी अर्ध्याच्याही अलीकडे भरलेली दिसत होती. ताईंना यंत्रातलं कळत नव्हतं, पण धुलाईखान्यात वजनकाटा आधी शून्यावर आणावा लागतो हे माहीत होतं. त्यांना लगेच समजलं. हात आला नव्हता. संगणकाने दादांच्या थोड्याला पूर्ण मानलं होतं. खरं विमान तसं मानणार नव्हतं. ते वळायला सांगितलं तर अर्धवट वळणार होतं, आणि माळाच्या कडेला पोरं उभी असणार होती.

‘रविवारच्या आधी त्यांना कळायला हवं,’ खरखर म्हणाला. ‘पण मी नाही सांगणार ताई. मला नाही जमायचं.’

ताईंना जमणार होतं असं थोडंच होतं. त्या घरी आल्या, भाजी चिरायला घेतली आणि तशाच बसून राहिल्या. सांगितलं तर दादा पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, हे त्यांना लख्ख दिसत होतं. पुन्हा चिमे पाणी, चिमे खिडकी. त्यांच्या दोन तासांवर त्या दिवशी माती पडली असती. मनात आडवाटाही येऊन गेल्या. पंखाला काहीतरी करावं म्हणजे रविवार टळेल. आजारी पडावं. पाऊस पडेल. खरखरलाच पुन्हा पटवावं. पण त्या इतक्या थकलेल्या होत्या की खोटं रचून ते सांभाळत बसायचं बळ त्यांच्यात नव्हतं. खरं एकदा बोललं की संपतं, खोट्याला रोज पाणी घालावं लागतं, असं काहीसं त्यांच्या मनात आलं आणि त्या उठल्या.

रोज पहाटे कामावर निघताना दादांच्या सदऱ्याची उजव्या मनगटाची गुंडी त्या लावायच्या. दुसऱ्या दिवशी ती लावता लावताच त्यांनी सांगितलं. सगळं, सरळ, वर न बघता. गुंडी लावून झाली तरी मनगट सोडलं नाही.

दादा म्हणाले, ‘म्हणजे रोज उडवत होतो ते काय होतं?’

‘ते तूच उडवत होतास. फक्त मशीनला वाटलं तुझा हात एवढाच आहे.’

‘एवढाच आहे,’ दादा म्हणाले आणि आडवे झाले. भिंतीकडे तोंड करून.

रविवार आला आणि गेला. टोळीला खरखरने काहीतरी सांगितलं. ताई कामावर जात होत्या, येत होत्या. गंमत म्हणजे दादा आता हाकही मारत नव्हते. पाणी मागत नव्हते, खिडकी सांगत नव्हते. दुपारी घर इतकं शांत असायचं की झोप लागायला काही अडचण नव्हती, आणि ताईंना ती लागत नव्हती. पलीकडच्या खोलीतल्या माणसाचा श्वास ऐकत त्या पडून राहायच्या. शिवणबाईंनी विमानाला जुनी चादर पांघरून ठेवली. ताई दिसल्या की खरखर रस्त्याच्या पलीकडे जायचा, जणू त्यानेच दादांचा हात तोडला होता.

मग एका दुपारी ताई कामावरून आल्या तर दादा दारात उभे. बूट घातलेले, एका बुटाची नाडी सुटी, दुसऱ्याची भलत्याच भोकातून ओवलेली. डाव्या हाताने काय काय केलं असेल ते त्या नाडीवरून कळत होतं.

‘चल,’ दादा म्हणाले. बास, एवढंच.

बंबखान्यात ते पडद्यासमोर बसले. रिमोट उचलला आणि ताईंच्या पुढे धरला.

‘तू दाखव त्याला. टोकापर्यंत. माझ्या हातावर विश्वास ठेवू नकोस.’

खरखर सोल्डरिंग सोडून बघत राहिला. चाळीस वर्षांत त्या माणसाने आपला रिमोट कोणाला असा दिला नव्हता. ताईंनी भेगाळलेल्या अंगठ्यांनी दोन्ही दांड्या चारही टोकांना नेल्या, खट्ट होईपर्यंत, आणि परत आणल्या. पट्ट्या पूर्ण भरल्या. दादांनी रिमोट घेतला. विमान धावलं, उचललं, वळायच्या वेळी वळलं नाही, तिरकं गेलं आणि झाडांत पडलं.

‘चिमे, पडलं,’ दादा म्हणाले.

पडलं की पुन्हा सुरू करायला संगणकाचं लांब बटण दाबावं लागायचं. दादांचे दोन्ही हात रिमोटमध्ये अडकलेले. उजवा एकदा सोडला की पुन्हा जागेवर बसवायला पाच मिनिटं. म्हणून ताई शेजारी बसून बटण दाबायच्या. विमान उडायचं, पडायचं. ‘चिमे, पडलं.’ बटण. उडायचं. ‘पडलं.’ बटण. झाडात, कुंपणात, एकदा पडद्यावरच्या सूर्याकडे जात जात दिसेनासंच झालं. ‘हे पडलं का?’ ताईंनी विचारलं. ‘पडेल,’ दादा म्हणाले.

दादा भिंतीकडून परत वळले होते, पण ताईंच्या दुपारी गेल्याच. सकाळी चादरी, दुपारी बटण. कधी बसल्या बसल्या त्यांची मान खाली जायची, बोट बटणावर तसंच, आणि झोपेतसुद्धा ‘पडलं’ ऐकलं की बोट दाबलं जायचं. शिवणबाई म्हणाल्या, आता तुम्हीच त्या मशीनचा एक भाग झालात, महिन्याला तेल पाजायला हवं. ताई हसल्या, पण डोळ्यांखालची काळी वर्तुळं हसली नाहीत. धुलाईखान्यात त्यांनी एकदा अख्खा गठ्ठा उलट्या घडीचा घातला आणि मुकादम बोलला. ताईंनी ते कोणाला सांगितलं नाही.

एके दिवशी, विमान तिसऱ्यांदा कुंपणात पडल्यावर, ‘पडलं’ ऐकू आलं नाही. ताईंना जाग आली ती शांततेने. त्यांचं डोकं टेबलावर टेकलं होतं. दादा रिमोट धरून तसेच बसले होते, पडद्यावर मोडकं विमान, आणि ते ताईंकडे पाहत होते. किती वेळ पाहत होते कोण जाणे. ‘पाय सुजलेत तुझे,’ एवढंच ते म्हणाले. त्या दिवशी पुन्हा उडवलं नाही, घरी आले.

नंतर दोन दिवस दादांचं आणि खरखरचं काहीतरी कुजबुजणं चाललं. ताई आल्या की दोघं गप्प. शिवणबाईंच्या एका बंद पडलेल्या यंत्राचं पायडल गायब झालं आणि त्यांनी आरडाओरडा केला नाही, यावरूनच ताईंनी ओळखायला हवं होतं.

तिसऱ्या दिवशी ताई दादांना घेऊन आल्या, नेहमीप्रमाणे शेजारची खुर्ची ओढली, तर ती जागेवर नव्हती. टेबलाखाली शिवणयंत्राचं पायडल ठेवलेलं, त्यातून तार निघून संगणकात गेलेली. दादांनी उडवलं. विमान यथासांग पडलं. दादांनी डाव्या पायाने पायडल दाबलं. विमान पुन्हा उभं राहिलं.

‘आता तू बसायची गरज नाही,’ दादा म्हणाले. पडद्यावरची नजर काढली नाही. ‘मी पाडतो. तू जा, झोप.’

‘आणि हाक मारलीस तर?’

‘इथून तुझ्या घरापर्यंत ऐकू जात नाही. मी खरखरला ओरडून बघायला लावलंय.’

खरखर म्हणाला, खरंच लावलं, घसा बसला माझा.

ताई घरी मात्र गेल्या नाहीत. एवढं चालायचं त्राण नव्हतं त्यांच्यात. लाकडाच्या फळ्यांमागे शिवणबाईंच्या कापडाचे गठ्ठे होते, त्यांवर त्या जरा टेकल्या. पायडलचा खट्ट आवाज यायचा, मग पडद्यातल्या इंजिनाची गुणगुण, मग धप्प. खट्ट, गुणगुण, धप्प. पहिल्या काही धप्पांना त्यांचं बोट आपोआप हललं. नंतर नाही हललं. शिवणबाईंनी विमानावरची चादर काढून त्यांच्यावर घातली आणि संध्याकाळी कुलूप लावायची वेळ टळून गेली तरी त्यांना उठवू दिलं नाही.

दादांचा हात पुरता कधीच परत आला नाही. पण एवढी विमानं पाडून पाडून तो होता त्यापेक्षा बराच पुढे आला. पुढच्या वर्षी पूल दुरुस्त होऊन उघडला, त्यानंतरच्या एका रविवारी मोठं विमान माळावर गेलं. दांडी थोडी हलली तरी पंखाची पट्टी जास्त वळावी म्हणून दादांनी ती ओढणारी काडी एक भोक आत अडकवली होती, आणि काही बिनसलंच तर सांभाळायला शेजारी खरखर दुसरा रिमोट तारेने जोडून उभा होता. विमान उडालं, वेडंवाकडं एक वर्तुळ घेऊन गवतात उतरलं, एक चाक मोडलं. दादा म्हणाले, पुरे. ते पुन्हा त्यांनी उडवलं नाही. बंबखान्यात नव्या लोकांना शिकवायला मात्र ते अखेरपर्यंत जात राहिले, आणि प्रत्येकाला खुर्चीत बसल्याबरोबर पहिल्यांदा दोन्ही दांड्या टोकापर्यंत नेऊन दाखवायला लावायचे, स्वतःच्या डोळ्यांसमोर. झोपेतच गेले, एका पहाटे, ताई कामावर निघायच्या आधी.

खरखरने दुकान मोठं केलं, मग लोकांनी रेडिओ दुरुस्त करून घेणंच सोडलं तेव्हा लहान केलं. मोठं विमान त्याच्याकडे आहे, मोडक्या चाकासकट. तो ते उडवत नाही आणि कोणाला हातही लावू देत नाही. शिवणबाईंचे गुडघे गेले, किल्ली त्यांच्या सुनेकडे आली. पायडल त्यांनी कधी परत मागितलं नाही, संगणक दोनदा बदलला तरी पायडल तेच आहे.

ताई निवृत्त झाल्यावर लेकीकडे राहायला गेल्या. दुपारी पडतात तेव्हा नातू पलीकडच्या खोलीत संगणकावर कसले कसले खेळ खेळत असतो, गाड्या आदळत असतात. लेक दरडावते, आजी झोपलीय, आवाज बंद कर. आतून ताईंचा आवाज येतो, ‘राहू दे गं. बंद केलास की जाग येते.’